दिव्याकडे न येणारा पतंग

काकांनी झाडाखालचं संत्रं उचललं आणि अंगठ्याने हलकेच दाबलं. सालीतून रसाची बारीक चिळकांडी उडाली. "हे पाखराचं," म्हणत त्यांनी ते डाव्या हाताला टाकलं. दुसरं उचललं. ते देठाभोवती काळपट आणि मऊ पडलेलं. "हे बुरशीचं." ते उजवीकडे गेलं. तिसरं नखाने फोडलं तर आत पांढऱ्या बारीक अळ्या वळवळत होत्या. "हे माशीचं." ते पोत्यात. सकाळचे साडेसहा वाजले होते, गवतावर दव होतं आणि वरूड तालुक्यातल्या त्या चार एकरांच्या बगीच्यात काका आदल्या रात्रीचा हिशेब करत बसले होते. तासाभराने पाहिलं तर डावीकडचा ढीग सगळ्यांत मोठा होता.

त्या ढिगातलं एक फळ मी हातात घेतलं. हिरव्या सालीवर नुकती पिवळी झाक आलेली, हाताला जड, वरून पाहिलं तर अगदी निरोगी. भोक शोधायलाच वेळ लागला. टाचणीच्या टोकाएवढं होतं आणि त्याभोवती तांबूस, किंचित खोलगट कडं पडलं होतं. कड्यावर बोट ठेवलं तर साल आत दबत होती. फळ सोललं तेव्हा त्या जागेखालच्या दोन फोडी शुष्क, भुसभुशीत निघाल्या आणि आंबूस वास आला. फेब्रुवारीच्या फुलोऱ्यापासून झाडाने पोसलेलं फळ त्या एका भोकापायी दोन-चार दिवसांत मातीला मिळालं होतं.

या अंकासाठी संपादकांनी 'रात्र' हा विषय सुचवला तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो संत्र्याचा बगीचा. माझं आजोळ नरखेड तालुक्यातलं. नवरात्राच्या सुमारास तिथे गेलं की मामी भल्या पहाटे उठवायची, "आधी गळ वेचा, मंग चहा." आम्ही मुलं टोपल्या घेऊन झाडांखाली वाकायचो. रात्रीत एवढी फळं कोण पाडतं, हा प्रश्न तेव्हा मनात आला नाही. वाऱ्याने पडत असतील असं वाटायचं. मामांचा बगीचा आता राहिलेला नाही. तो प्रश्न मात्र राहून गेला होता. तोच घेऊन मी पितृपक्षात वरूडला पोचले. अंधारा पंधरवडा होता आणि आंबिया बहाराची फळं रंग धरू लागली होती.

पान समजून सोडून दिलेलं

वरूड-मोर्शीच्या पट्ट्याला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. उत्तरेला सातपुड्याची रांग, तिच्या पायथ्याशी काळी जमीन, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याची गडद हिरवी झाडं. अठराव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी नागपूरला आणवलेलं हे फळ पुढे काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी असं पसरत गेलं. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. या मुलखात घरची लग्नं, मुलांची शिक्षणं, विहिरीचं कर्ज, सगळं बहारावर अवलंबून असतं. त्यामुळे 'गळ' हा शब्द इथे फार गंभीरपणे उच्चारला जातो.

गळ अनेक कारणांनी होते. पाणी तुंबलं, मुळं कुजली, अन्नद्रव्यं कमी पडली, बुरशी आली, फळमाशी आली, तरी होते. पण फळ रंगावर येत असताना, विक्रीला महिना-पंधरा दिवस उरलेले असताना जी गळ होते, तिच्यात मोठा वाटा या पाखराचा असतो. शेतकरी त्याला नुसतं पाखरू म्हणतात. कृषी खात्याच्या पत्रकात त्याचं नाव 'फळातील रस शोषणारा पतंग' असं असतं. शास्त्रज्ञ ज्याला युडोसिमा म्हणतात त्या प्रजातीतल्या चार-पाच जाती आपल्याकडे संत्रा, मोसंबी, डाळिंब, पेरू अशा फळांवर येतात. त्यांतली युडोसिमा मॅटर्ना ही जात लिनिअसने १७६७ सालीच वर्णन करून ठेवली आहे.

तो पतंग मी दिवसा पाहिला, आणि पाहूनही तो मला दिसला नाही. काकांच्या सुनेने, वहिनींनी, एका फांदीकडे बोट दाखवलं. तिथे एक वाळकं पान अडकलेलं होतं. करड्या-तपकिरी रंगाचं, मधोमध शिरेसारखी रेघ, कडा किंचित वळलेली. वहिनींनी काडीने स्पर्श केला तशी त्या पानाला दोन केशरी पंख फुटले. भडक, पिकल्या संत्र्याच्या सालीसारखे केशरी, त्यांवर काळा ठिपका आणि काळी किनार. क्षणभर तो रंग डोळ्यांसमोर चमकला आणि पाखरू दोन झाडं ओलांडून पुन्हा वाळकं पान होऊन बसलं. पंख पसरले की ते जवळपास तळहाताएवढं भरतं. "दिवसा दिसलं तरी आपण पान समजूनच सोडून देतो," वहिनी म्हणाल्या.

या पाखराचं वेगळेपण त्याच्या सोंडेत आहे. बहुतेक शेतकऱ्यांना पतंगवर्गीय किडींचा एकच धडा पाठ असतो: नुकसान अळी करते, पतंग फक्त अंडी घालतो. कपाशीची गुलाबी बोंडअळी घ्या. बोंड पोखरते ती अळी. तिचा पतंग फुलातला रस पिऊन जगतो. इथे उलटं आहे. या पतंगाची अळी संत्र्याच्या झाडाला तोंडही लावत नाही. फळ फोडतो तो पतंग स्वतः, नर आणि मादी दोघंही. फुलपाखराची सोंड मऊ असते, फुलातला रस ओढण्यापुरती. याची सोंड टणक असते आणि तिच्या टोकाला कानशीसारखे दात आणि मागे वळलेले काटे असतात. सोंड पुढेमागे हलवत तो जाड साल भेदतो आणि आतला रस ओढतो. रस पिऊन तो उडून जातो. मग त्या भोकातून बुरशी आणि जिवाणू आत शिरतात आणि फळ सडायला लागतं. ज्यांची सोंड एवढी बळकट नाही असे इतर पतंग याच भोकांवर येऊन पोट भरतात. बॅटरीच्या उजेडात एका फळावर तीन-चार पतंग बसलेले दिसतात तेव्हा भोक पाडणारा त्यांतला एखादाच असतो.

पाऊस, वेल, अळी, पाखरू

हे पाखरू भाद्रपद-आश्विनातच का येतं, याचं उत्तर बगीच्यात सापडत नाही. त्यासाठी धुऱ्यावर जावं लागतं.

धुरा म्हणजे शेताचा बांध. काकांच्या बगीच्याच्या पूर्वेच्या धुऱ्यावर एक जुना कडुलिंब आहे आणि त्यावर गुळवेल चढलेली आहे. पलीकडच्या काटेरी कुंपणावर वासनवेल पसरली आहे. लहानपणी हिच्या पानांचा आम्ही खेळ करायचो. मूठभर पानं पाण्यात चुरगळायची, गाळायची, आणि थोड्या वेळाने पाणी दह्यासारखं थिजलेलं पाहायचं. ते आठवून वहिनींनी आणि मी तिथेच वाटीभर पाण्यात पानं चुरगळली. थोड्या वेळात वाटी उपडी केली तरी सांडेना असं हिरवं थिजलेलं पाणी तयार झालं. वहिनींची मुलगी ते पाहून हरखली.

याच वेली पाखराचं माहेर आहेत. गुळवेल, वासनवेल आणि त्यांच्या कुळातल्या आणखी काही रानवेलींच्या पानांवर मादी अंडी घालते, त्यांच्याच पानांवर अळ्या वाढतात. उन्हाळ्यात गुळवेलीची पानं झडतात, उरते ती दोरखंडासारखी वेल. मृगाचा पाऊस पडला की तिला हृदयाच्या आकाराची कोवळी पानं फुटतात. त्या पानांवर आषाढ-श्रावणात अळ्या पोसल्या जातात. अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास साधारण महिन्याभराचा. म्हणजे पावसाळ्यात एकामागून एक पिढ्या निघतात आणि पाऊस ओसरता ओसरता पतंगांची संख्या चढते. नेमक्या त्याच वेळी आंबिया बहाराची फळं गोडीवर येत असतात.

हा योग समजायला बहाराची पद्धत माहीत हवी. संत्र्याचं झाड वर्षभर थोडं थोडं फुलू पाहतं. शेतकरी पाणी तोडून त्याला ताण देतो आणि मग पाणी सोडून हव्या त्या वेळी एकदम फुलवतो. हिवाळ्यात ताण देऊन जानेवारी-फेब्रुवारीत फुलवलेला तो आंबिया. त्याची फळं दसऱ्यापासून पुढे निघू लागतात. उन्हाळ्यात ताण देऊन पावसाच्या सुरुवातीला फुलवलेला तो मृग. त्याची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. मृगाची फळं पिकतात तेव्हा रान वाळलेलं असतं, वेली उघड्या पडलेल्या असतात आणि पाखरू तुरळक. आंबियाची फळं पिकतात तेव्हा रान हिरवंगार असतं. पाखराचा मार म्हणून आंबियाला बसतो. पाणी, जमीन, बाजारभाव पाहून शेतकरी बहार निवडतो. तो निवडताना त्याने नकळत कीडही निवडलेली असते.

वासनवेलीची पानं उलटी करून पाहताना वहिनींना एक अळी सापडली. मखमली, गडद तपकिरी, बोटाएवढी लांब. दोन्ही अंगांवर डोळ्यांसारखे मोठे ठिपके. काडी लावली की ती डोकं आत वळवते, मागचा भाग उचलते आणि ते खोटे डोळे आपल्यावर रोखते. पाच वर्षांची मुलगी घाबरून मागे सरली. वहिनींनी मात्र अळी चिमटीत धरली आणि साबणाच्या पाण्यात टाकली. "ही एक म्हणजे पुढच्या महिन्यातली किती फळं, मोजा तुम्हीच."

वेल काढायची की ठेवायची

पत्रकात सल्ला सोपा असतो: बगीच्याभोवतीच्या गुळवेल, वासनवेल या वेली समूळ काढून नष्ट कराव्यात. धुऱ्यावर उभं राहून पाहिलं की तो तेवढा सोपा वाटत नाही.

पहिली अडचण गुळवेलीची. कडुलिंबावर चढलेली गुळवेल औषधाला सर्वांत चांगली, असं आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या मानतात. काकांच्या आईने ती वेल तोडू दिली नव्हती. तापासाठी तिचा काढा व्हायचा. २०२० मध्ये करोना आला तेव्हा शहरातली माणसं गुळवेलीच्या कांड्या शोधत गावोगाव फिरत होती. अनेकांनी तेव्हा ती अंगणात मुद्दाम लावली. जी वेल घरच्या म्हातारीने जपली, तीच आता कीड पोसते म्हणून तोडा, हे सांगणं एका परीने बरोबर आणि एका परीने क्रूर आहे.

दुसरी अडचण शेजाऱ्याची, आणि माझ्या मते तीच खरी. पलीकडचं वावर कपाशीचं. तिथल्या शेतकऱ्याला संत्रा नाही, त्यामुळे पाखराचं भय नाही. त्याच्या कुंपणावरची वासनवेल काढण्याची मजुरी त्याने का द्यावी? काकांनी एका वर्षी स्वतः जाऊन ती काढली. दुसऱ्या पावसात ती पुन्हा वर आली. आणि त्याही पलीकडे सातपुड्याचं जंगल आहे, तिथल्या वेलींना कोण हात लावणार? लावूही नये. हे पतंग दमदार उडतात, दुरून येतात. एकट्याने आपला धुरा स्वच्छ केला म्हणजे बगीचा वाचला असं होत नाही.

मला वहिनींचा मार्ग पटला. बगीच्याला लागून असलेली वासनवेल काढायची. कडुलिंबावरची गुळवेल ठेवायची, पण आषाढ-श्रावणात दर चार दिवसांनी तिची पानं उलटी करून अळ्या वेचायच्या. म्हणजे वेल त्यांना आपल्या नजरेखाली आणून देते. वेलीवर विष मात्र फवारायचं नाही, कारण या पतंगाच्या अंड्यांवर जगणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाश्या त्याच पानांवर फिरत असतात. त्या गेल्या तर फुकटची राखण गेली.

संत्र्याच्याच झाडाचे आणखी दोन पतंग

वरूडहून थोड्या अंतरावर शेंदुरजनाघाट आहे. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून केलेली संत्र्याची कलमं इथून दूरदूर जातात. तिथल्या रोपवाटिकेत एका तरुणाने मला कोवळं पान उन्हाकडे धरून दाखवलं. पानाच्या आत चांदीच्या तारेसारखी नागमोडी रेघ होती आणि रेघेच्या टोकाला, पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये, पिवळसर अळी. ही पाने पोखरणारी अळी, नागअळी. तिचा पतंग इतका लहान असतो की डासाशेजारी ठेवला तरी लहान दिसेल. तो येतो नवतीच्या मागे. संत्र्याला वर्षातून तीनदा जोरकस नवी पालवी फुटते आणि प्रत्येक नवतीला हा हजर होतो. मोठ्या झाडाला त्याने फार बिघडत नाही, पण रोपवाटिकेत जवळजवळ वर्षभर कोवळं पान असतं, म्हणून तिथे त्याला विसावा नाही. पोखरलेल्या जागेतून खैऱ्या रोगाचे जिवाणू आत शिरतात, विशेषतः कागदी लिंबावर.

दुसरा पतंग जुन्या बगीच्यांचा. त्याची अळी साल खाते. खोडाला जिथे फांद्या फुटतात त्या बेचक्यात लाकडाचा भुसा, विष्ठा आणि रेशीम यांची भुरकट जाळी लोंबताना दिसली की समजायचं, आत बोगदा आहे. दिवसा अळी बोगद्यात असते, रात्री जाळीच्या आडोशाने बाहेर येऊन साल कुरतडते. हिचं चक्र वर्षाचं: पावसाळ्याच्या तोंडावर पतंग निघतात, सालीच्या भेगांत अंडी घालतात, आणि अळी पुढचे नऊ-दहा महिने झाडातच मुक्काम करते. उपाय हाताने करण्याचा आहे. जाळी खरवडायची, भोकात तार घालून अळी मारायची, रॉकेल किंवा पेट्रोलात बुडवलेला कापसाचा बोळा आत सारायचा आणि वरून चिखलाने लिंपून टाकायचं. मामांच्या बगीच्यात शेवटची काही वर्षं हे करायला कोणी उरलं नव्हतं. विहिरीचं पाणी खोल गेलं, झाडं अशक्त झाली, आणि अशा झाडांत ही अळी मुक्कामाला येते. तिथल्या प्रत्येक बेचक्यात ती भुरकट जाळी लोंबताना मी पाहिलेली आहे. तेव्हा तिचं नाव मला माहीत नव्हतं.

पान, खोड, फळ. एकाच झाडावर तीन पतंग आणि तिघांची तीन वेळापत्रकं. ही वेळापत्रकं ज्याला पाठ आहेत, तो वेळेवर एक हात फिरवून बराचसा मार टाळू शकतो.

रात्रीची लाइन

संध्याकाळी सातनंतर आम्ही पाखरं धरायला काकांच्या बगीच्यात शिरलो. काका, त्यांचा मुलगा, वहिनी, शेजारच्या बगीच्यातली दोन पोरं आणि मी. सामान असं: चार बॅटऱ्या, जुन्या मच्छरदाणीचं कापड तारेला शिवून बांबूला बांधलेल्या दोन जाळ्या, आणि एक बादली साबणाचं पाणी. पत्रकांत अजूनही 'रॉकेलमिश्रित पाणी' छापलेलं असतं, पण रॉकेल आता गावात मिळत नाही.

रात्रीचं काम इथल्या शेतकऱ्याला नवं नाही. शेतीची वीज आळीपाळीने एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री येते. रात्रीची लाइन असली की दीड-दोन वाजता उठून मोटार चालू करायला जायचं, अंधारात साप-विंचू आणि रानडुकरांच्या भीतीने पावलं टाकायची. त्या जागरणाला हे एक जास्तीचं काम जोडलं जातं.

"बोलू नका, फक्त फळाकडे पहा," मुलाने बजावलं. मी बॅटरी झाडावर फिरवली. पानं, फळं, पानं. मग दोन लालसर ठिपके, निखाऱ्याच्या कणांसारखे, शेजारी शेजारी. पाखराचे डोळे. उजेड परत फेकणारे ते डोळे दहा-बारा पावलांवरून दिसतात, पाखरू स्वतः दिसण्याच्या आधी. मुलाने जाळी खालून वर आणली. हिसका बसताच पाखरू फळावरून सुटलं आणि सरळ जाळीत गेलं. कापडावर पंखांचा फडफडाट एखाद्या लहान पक्ष्याएवढा जोरकस होता. बॅटरीजवळ धरून मी त्याची सोंड पाहिली. गुंडाळलेली, काळसर, घट्ट. तिचं टोक अजून ओलं होतं.

एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली. बगीच्याच्या कोपऱ्यात मोटारीच्या खोलीवर बल्ब जळत होता. त्याच्याभोवती किड्यांचं मोहोळ उठलं होतं: पाकोळ्या, भुंगे, नाकतोडे. त्यांत हे पाखरू नव्हतं. मराठी भाषेत पतंग म्हटला की दिवा येतोच. ज्योतीवर झेप घेणारा, जळणारा, वेडा. हा पतंग दिव्याकडे फारसा जात नाही. त्याला ओढतो तो पिकत्या फळाचा वास. म्हणूनच नुसत्या प्रकाश सापळ्यावर विसंबणाऱ्याची निराशा होते. सापळ्यात इतर किडे भरपूर मरतात, त्यांत उपयोगी किडेही असतात, आणि फळं फुटायची ती फुटतातच. कपाशीत कामगंध सापळा लावतात तसा या पाखरासाठीचा सापळा शेतकऱ्याच्या हाती नाही.

जपानच्या फळबागांत उजेड उलट्या रीतीने वापरतात. तिथे गेल्या शतकाच्या उत्तरार्धापासून पीच आणि नाशपातीच्या बागांत रात्रभर पिवळे दिवे लावतात. त्या उजेडाने पतंगाच्या डोळ्यांना दिवस असल्यासारखं वाटतं आणि तो हालचाल थांबवून बसून राहतो. म्हणजे दिवा तिथे त्याला बोलावत नाही, झोपवतो. वरूडच्या धुऱ्यावर हे आणायचं तर रात्रभर भरवशाची वीज हवी. तीच नाही.

विषाचा आणि धुराचा उपयोग किती

"फवारा मारून होत नाही का?" मी विचारलं. काकांनी मान हलवली. पतंग सहसा बगीच्यात राहत नाही, रात्री येऊन रात्रीच जातो. अळी बगीच्यात नसतेच. पतंग सोंड आत खुपसून आतला रस पितो, सालीवरचं औषध त्याच्या पोटात जात नाही. आणि पंधरा दिवसांत जे फळ कोणाच्या तरी लेकरांच्या हाती जाणार, त्यावर जहाल विष फवारणं हा काही मार्ग नाही. तरीही गळ पाहून घाबरलेला शेतकरी दुकानात जातो आणि दुकानदार देईल ते आणून मारतो. मला हे फार वाईट वाटलं. ते पैसे वाया जातात, वर मित्रकीटक मरतात आणि पुढच्या हंगामात काळी माशी, कोळशी वाढते.

आमिषाचा उपयोग होतो. गूळ, पाणी, थोडं व्हिनेगर किंवा फळांचा रस, त्यात मॅलेथिऑन, आणि पसरट भांडी झाडांमध्ये टांगायची. धुराचाही होतो. संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान ओला पाला, कडुलिंबाच्या डहाळ्या पेटवून धूर केला की फळांचा वास झाकला जातो. पण वारा फिरला की धूर दुसऱ्याच्या बगीच्यात जातो, आणि रोज संध्याकाळी, पंधरा-वीस दिवस, चार एकरांत धूर टिकवायला माणसं लागतात. डाळिंबाच्या, पेरूच्या फळाला पिशवी घालता येते. शेकड्यांनी फळं धरणाऱ्या संत्र्याच्या उंच झाडाला कोण घालणार?

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित उपाय मामीचाच आहे: गळ वेचणे. पडलेलं फळ सडत राहिलं की त्याचा वास आणखी पाखरांना आणि फळमाश्यांना बोलावतो. वरूड-मोर्शीच्या रस्त्यांवर मी कितीतरी ठिकाणी नाल्याच्या काठी ओतलेली गळ पाहिली. ज्याने ती तिथे ओतली त्याने आपल्या बगीच्यातून ती काढली खरी, पण शेजाऱ्याच्या दारात पंगत मांडली. काका खड्डा खणून गळ पुरतात, वर हातभर माती लोटतात.

नुकसानीची नोंद कुठे

बगीचा बहुतेक वेळा व्यापारी उभा पाहून घेतो. उक्ता सौदा झाला असेल तर गळ कोणाची, यावरून कुरबुर होते. भोक पडलेलं पण अजून न पडलेलं फळ कॅरेटमध्ये गेलं तर लांबच्या मंडईत पोचेपर्यंत शेजारची चार फळं सोबत घेऊन सडतं. मग व्यापारी पुढच्या खेपेला भाव पाडतो.

विमा आहे, पण तो हवामानाचा. फळपीक विमा योजनेत पाऊस, पावसाचा खंड, तापमान यांचे आकडे महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर ठरलेली मर्यादा ओलांडतात की नाही हे पाहिलं जातं. पाखराने फोडलेलं फळ त्या केंद्राला दिसत नाही. वास्तविक पाखराचा हंगाम पावसानेच ठरतो. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ या पिकाच्या किडींवर काम करतात. त्यांच्या शिफारशी गावात पोचतात त्या बहुधा गळ सुरू झाल्यावर, वर्तमानपत्राच्या कात्रणातून. त्याच शिफारशी जून-जुलैत, वेलीला पानं फुटत असताना, ग्रामसभेत वाचल्या गेल्या पाहिजेत. सप्टेंबरात हाती उरते फक्त बॅटरी.

दहाच्या सुमारास पाखरांची ये-जा कमी झाली. बादलीतल्या पाण्यावर केशरी पंख उघडे पडून तरंगत होते. शेजारची पोरं आता त्यांच्या बगीच्यात निघाली, काकांचा मुलगाही त्यांच्यासोबत गेला. या दोन घरांनी गेल्या वर्षीपासून हे ठरवलं आहे: एक फेरी याच्याकडे, एक त्याच्याकडे. कपाशीवाल्या शेजाऱ्याकडे वहिनी पुढच्या आषाढात स्वतः जाणार आहेत, अळी असलेली वासनवेलीची डहाळी हातात घेऊन.

संत्रा पट्ट्यातल्या वाचकांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमचा बगीचा असो वा नसो, पहिला पाऊस पडून महिना झाला की आपल्या कुंपणावरच्या वासनवेलीची आणि गुळवेलीची पानं एकदा उलटी करून पहा. डोळ्यांसारखे ठिपके असलेली तपकिरी अळी दिसली तर ती वेचा आणि शेजारच्या बगीच्यात कळवा.